दोन धड पायांचं सोंग

पौषात पवनेच्या पात्रावरून धुकं उठलं, की रहाटणीपासून चिंचवडपर्यंतचा सगळा मुलूख कुणी पडदा सोडल्यासारखा दिसेनासा व्हायचा. मग त्या पडद्यामागून आधी शिट्टी यायची. खणखणीत, सरकारी शिट्टी. गोठ्यात धार काढणारी माणसं तांब्या मांडीत धरूनच म्हणायची, "आलं बरं का, फौजदार आलं!"

आणि धुक्यातून फौजदार प्रगट व्हायचे. खाकी कोट, छातीवर पत्र्याची तीन पदकं, कमरेला रुंद पट्टा, हातात दंडुका, काखेत मोठी चोपडी, ओठांवर डांबरासारख्या काळ्या मिशा. चाल अशी, की रस्ता त्यांच्या पायाखाली आपण होऊन पुढं सरकतोय असं वाटावं.

"यशोदाबाई कुठं हाय? हजर व्हा! तुमच्या कोंबड्यानं काल सरकारी वेळेच्या आधी बांग दिली. चौकीवर तक्रार आली हाय."

"अगं बया! मग आता वो?"

"कोंबडा हवाली करा, न्हाईतर जामीन भरा."

"जामीन किती?"

"ज्वारी सूपभर. कोंबडा तरणा असंल तर वर मूठभर हरभरं."

यशोदाबाई पदर तोंडाला लावून हसायची, सूप भरून आणायची, आणि ते झोळीत पडलं की फौजदारांच्या मिशांखालून एक साधा, दमलेला माणूस बाहेर यायचा. कपाळाला हात लावून म्हणायचा, "लेकराबाळांत सुखी ऱ्हा, माय." तो सयाजी बहुरूपी.

पवना आणि इंद्रायणी या दोन नद्यांच्या आसपासची अठरा गावं सयाजीची होती. सातबाऱ्यावर नव्हे, पायांवर. आजाच्या वेळेपासून ती त्यांच्या घराकडं चालत आलेली. दुसऱ्या बहुरूप्यानं तिथं सोंग घेऊन यायचं नाही, आणि सयाजीनं त्या गावांना वर्षातून एकदा तोंड दाखवायचं चुकवायचं नाही. रहाटणीच्या कडेला चिंचेखाली त्याचं खोपट होतं. बायको छबूबाई गोधड्या शिवायची, नवऱ्याच्या मिशांना काजळी धरायची, आणि नवं सोंग पहिल्यांदा तिला दाखवल्याशिवाय गावात जायचं नाही असा तिचा कायदा होता.

फौजदाराचं सोंग लोकांना आवडायचं. पण सयाजीचा खरा जीव होता लंगड्याच्या सोंगावर. अंगावर चिंध्या, हातात वाकडी काठी, आणि डावा पाय असा लोंबता, की त्यात हाड आहे यावर विश्वास बसू नये. सगळा भार उजव्या पायावर. त्या एका पायावर तो उठायचा, बसायचा, वळायचा, उंबऱ्यापाशी असा कोसळायचा की बायका "आई गं" म्हणून धावायच्या. रहाटणीच्या रुक्मिणीबाई पाटलीण दरसाल फसायच्या. दरसाल तेलाची वाटी गरम करून आणायच्या. आणि त्यांचा हात पायाला लागणार एवढ्यात सयाजी ओरडायचा, "कुत्रं सुटलं!" आणि दोन्ही पायांवर हरणासारखा वेशीपर्यंत पळत सुटायचा. सगळी आळी हसून लोळायची. पाटलीणबाई वाटी हातात धरून म्हणायच्या, "मुडद्या, पुढच्या साली खरंच लंगडा झालास तरी तेल द्यायची न्हाई!"

बापानं त्याला एक नेम घालून दिला होता. सोंग एकदा अंगावर चढवलं, की बिदागी हातात पडेपर्यंत उतरवायचं नाही. मध्ये देव भेटला तरी सोंगातूनच बोलायचं. सयाजीनं तो नेम तीस वर्षं पाळला होता.

एकोणीसशे अठ्ठावन्न साल उजाडलं तोवर त्याच्या गावांचं रूप पालटू लागलं होतं. पिंपरी-चिंचवडच्या माळावर कारखान्यांच्या भिंती चढत होत्या. मुंबई-पुणे रस्त्यावर पूर्वी बैलगाड्या जायच्या, त्या घुंगरांनी आपली वर्दी देत यायच्या. पाठमोऱ्या चालणाऱ्याला नुसत्या कानावर विसंबून बाजूला होता यायचं. आता खडीचे, सिमेंटचे ट्रक येऊ लागले. रस्ता रुंद करायचा म्हणून दोन्ही कडांना खडीचे ढीग पडले आणि झाडांखालची पायवाट त्या ढिगांखाली गेली. पायी चालणारा आपसूक डांबरावर आला. पण चालायची सवय जुनीच राहिली. डाव्या कडेनं, गाड्यांकडं पाठ करून, कान टवकारून.

आणि ड्रायव्हरांची एक खोड होती. आकुर्डीकडून चिंचवडकडं उतार लागला, की तेल वाचवायला ते इंजिन बंद करून गाडी तशीच सोडायचे. दहा टनांचा ट्रक मांजराच्या पावलांनी यायचा.

त्या पौषातल्या सकाळी सयाजी फौजदार होऊन चिंचवड स्टेशनच्या फाट्यावर आला. चहाच्या टपरीपाशी बांधकामावरचे पंधरा-वीस मजूर उभे होते. शेजारी कादरचं पंक्चरचं दुकान. चार पत्रे, हवेचा पंप आणि टायरांची उतरंड. सयाजीनं शिट्टी फुंकली, चोपडी उघडली.

"कादर वल्द बरकत! तुमच्यावर इल्जाम हाय. तुमी सरकारी हवा दोन आण्याला इकता."

"कबूल हुजूर," कादर हात जोडून म्हणाला. "पर हवा मोजून देतो. तुमच्या भाषणासारखी फुकट सोडत न्हाई."

मजूर खो खो हसले. सयाजीनं ऐटीत चोपडी मिटली. बिदागी अजून मिळायची होती. पण मजुरांची हजेरी लागायची वेळ झाली होती, म्हणून "परतताना दंड वसूल करीन" असं बजावून तो रस्त्याच्या कडेनं निघाला. खडीच्या ढिगापाशी वळसा घ्यायला चार पावलं डांबरावर गेला. खाकी कोट, राखाडी धुकं. मागून काहीही ऐकू आलं नाही.

त्याला नंतर आठवायचं ते एवढंच, की आपण उडालो आणि ते फार सावकाश घडलं. झोक्यावरून सुटावं तसं. पदकं छातीवरून सुटून वर गेली, धुक्यात चकाकली. मग जमीन आली. आणि मग टाळ्या आल्या.

होय, टाळ्या. टपरीवरच्या मजुरांना वाटलं, हाही खेळातलाच भाग. "वा रे पठ्ठ्या!" कुणीतरी ओरडलं. सयाजीचा उजवा पाय मांडीपासून भलत्याच दिशेला वळला होता. तोंडात माती होती. पण बिदागी मिळाली नव्हती आणि माणसं पाहत होती. त्यानं दंडुका वर केला आणि फौजदाराच्या आवाजात हुकूम सोडला, "हवालदार! गाडीचा नंबर लिवून घ्या!"

लोक आणखी हसले. कादर तेवढा हसला नाही. त्याच्या कानानं काहीतरी वेगळं टिपलं होतं. तो ट्रकमागं धावला आणि परत येऊन दुकानाच्या पत्र्यावर खडूनं नंबर लिहिला. मग सयाजीपाशी बसून त्यानं त्याच्या मिशा हळूच काढल्या. तेव्हा कुठं हसू थांबलं.

चौकीवरचा शिपाई नुकता कोकणातून बदलून आलेला. त्यानं विचारलं, "नाव काय तुमचा?"

शुद्ध हरपता हरपता सयाजी म्हणाला, "फौजदार जोरावरसिंग. मुक्काम अठरा गावं."

शिपायाला वाटलं, असेल कुठल्यातरी कारखान्याचा पहारेकरी. त्यानं तसंच लिहून घेतलं. पुण्याच्या सरकारी दवाखान्यात खाटेला जी पाटी लागली, तीवरही जोरावरसिंगच लागला.

दवाखान्यात दिवस कापसासारखे जायचे. उंच छत, फिनेलचा वास, वजन बांधून टांगलेला पाय. ताप चढला की सयाजीला खिडकीतून आपली गावं एकामागून एक जाताना दिसायची. माण, रहाटणी, चिंचवड, पलीकडं चाकणचा किल्ला, आणि त्या सगळ्यांतून चालणारा एक पांढरट तट्टू. तट्टूवर कुणी नसायचं. तो उंबऱ्याउंबऱ्याशी थांबायचा, वाट पाहायचा, पुढं जायचा. तिसऱ्यांदा ते स्वप्न पडलं तेव्हा सयाजी छबूबाईला म्हणाला, "मला एक तट्टू पायजे. पायानं गावं व्हनार न्हाईत आता. पर तट्टूवर बसलेला फौजदार काय दिसंल गं!"

"आधी उठून बस," छबूबाई म्हणाली. "मग घोड्यावर बस."

एका दुपारी ट्रकमालकाचा मुनीम आला. मालक खडीचा कंत्राटदार. मुनिमानं पन्नास रुपये आणि एक खण खाटेवर ठेवला, शेजारी अंगठ्यासाठी कागद ठेवला. गोड आवाजात म्हणाला, "मालकांनी बिदागी पाठवलीय. घे आणि मोकळा हो."

बिदागी हा शब्द ऐकून सयाजीचा हात सवयीनं पुढं झाला. बहुरूप्यानं बिदागी नाकारणं म्हणजे गावाचा अपमान. छबूबाईनं तो हात धरून खाली ठेवला.

"दादा, बिदागी खेळ संपल्यावर देत्यात," ती मुनिमाला म्हणाली. "ह्यांचा अजून चालू हाय."

पैसे, खण आणि कागद जसे आले तसे गेले. संध्याकाळी कादर आला, तो ट्रकवाल्यांच्या अड्ड्यावरची बातमी घेऊन. "सयाजीभाऊ, नवा कायदा झालाय. मोटारीनं माणूस जखमी झाला तर त्याच्या भरपाईसाठी येगळं कोर्ट. तिथं अर्ज टाकायचा. पर साठ दिवसांच्या आत. तुझे एकेचाळीस झाले."

साठाव्या दिवसाच्या चार दिवस आधी अर्ज पडला. वकील होते आबाजीराव; चिंचवडचेच, सयाजीनं त्यांना लहानपणी तीनदा अटक केलेली. त्यांनी आधी नावाचा गुंता सोडवला. कादरची आणि त्या कोकणी शिपायाची जबानी लावली, चोपडी आणि पदकं मांडली, जोरावरसिंग आणि सयाजी एकच हे कागदावर आणलं. मग त्यांनी सयाजीला समोर बसवून समजावलं.

"हाड जुळलंय. फोटोतही जुळलेलंच दिसतं. पाय दीड इंच आखूड झालाय आणि गुडघा भार घेत नाही, हे डॉक्टर सांगतील. पण समोरचे वकील म्हणणार, हा माणूस लंगडण्याचंच खातो. तेव्हा तुम्ही एवढंच सांगायचं, की ते सोंग साधंसुधं होतं, कुणी फसत नव्हतं, पोरखेळ होता. कळलं?"

"कळलं," सयाजी म्हणाला.

खटला उभा राहिला तेव्हा वर्ष सरत आलं होतं. पुण्याच्या कोर्टाचं ते दालन सयाजीला आवडलं. उंच व्यासपीठ, रंगीत काचांतून तिरपं पडणारं ऊन, उन्हात तरंगणारी धूळ. त्याच्या मनात आलं, इथं एकदा खेळ करायला हवा होता. दोन्ही पाय धड असताना.

आधी कादर उभा राहिला.

"ट्रकचं इंजिन बंद होतं हे तुम्ही कशावरून म्हणता?" समोरच्या वकिलांनी विचारलं. "धुक्यात तुम्ही पाहिलंत?"

"पाह्यलं न्हाई, ऐकलं. आधी धडक ऐकली, मग इंजिन सुरू झाल्याचा आवाज ऐकला. चालू गाडी धडकली असती तर इंजिन आधी ऐकू आलं असतं. वीस वर्षं गाड्यांचेच खोकले ऐकतोय, साहेब."

न्यायाधीशांनी ते लिहून घेतलं. मग सयाजीचं नाव पुकारलं गेलं. कुबडी टेकत तो पिंजऱ्यात आला.

"तुम्ही लंगड्याचं सोंग घेत होता?" वकिलांनी सुरुवात केली.

"व्हय."

"किती वर्षं?"

"वीस-बावीस."

"लोकांना खरं वाटायचं?"

आबाजीराव टाचा उंचावून त्याच्याकडं पाहत होते. पाठीमागच्या बाकावर छबूबाई होती. सयाजीच्या डोळ्यांपुढं रुक्मिणीबाई पाटलीण आल्या, हातात गरम तेलाची वाटी. बावीस वर्षं त्या वाटीची वाफ त्यानं कमावली होती. एका 'न्हाई'वर ती विझणार होती. आणि 'व्हय' म्हटलं तर तट्टू धुक्यात जाणार होता.

"वाटायचं, साहेब," तो म्हणाला. "हुबेहूब वाटायचं. पाटलीणबाई दरसाल फसायच्या."

आबाजीरावांनी डोळे मिटले.

"पाहिलंत!" वकील आनंदानं म्हणाले. "ज्या दिवशी अपघात झाला त्या दिवशी हा गृहस्थ पोलिसाला खोटं नाव सांगत होता. आज कोर्टाला खोटा पाय दाखवतोय. बावीस वर्षं गावं फसली, मग कोर्टानं का फसू नये?"

दालनात हसू पिकलं. सयाजीलाही थोडं हसू आलं. वाक्य फेकलं होतं चांगलं. न्यायाधीश वयस्कर होते. त्यांनी चष्मा काढला.

"ते सोंग आम्हाला करून दाखवता येईल?"

"साहेब, त्याला दोन धड पाय लागत्यात."

"लंगड्याच्या सोंगाला?"

"व्हय जी. लंगडा पाय डावा. त्यो नुसता लोंबायचा. सगळा खेळ उजव्यावर. त्यो एकटा दोघांचं काम करायचा. आन् आता त्योच ग्येला."

"प्रयत्न करा," न्यायाधीश हळू म्हणाले. "जमेल तेवढा."

सयाजी पिंजऱ्याबाहेर आला. कुबडी त्यानं कादरच्या हातात दिली. कोट नीट केला, मान खाली घातली, एक खोल श्वास घेतला. छबूबाईला ठाऊक होतं, तो आता सोंगात शिरतोय. मान वर आली तेव्हा चेहरा बदललेला होता. गाल बसले होते, ओठ लोंबत होते, डोळ्यांत सगळ्या जगाची भूक होती. "माय, भाकरीचा तुकडा..." तो म्हणाला, आणि दालनातलं ऊनसुद्धा जागच्या जागी थांबलं. त्यानं डावा पाय उचलला. लोंबता सोडला. सगळा भार उजव्यावर घेतला.

गुडघा दुमडला आणि सयाजी लाकडाच्या ओंडक्यासारखा पुढं पडला. हनुवटी फरशीवर आदळली.

एक कारकून हसला. त्या सकाळी फाट्यावर हसले होते तसाच. वकील म्हणाले, "उत्तम! हेही सोंगच."

कादर कुबडी टाकून धावला. पण त्याच्या आधी छबूबाई पोचली होती. तिनं नवऱ्याचं डोकं मांडीवर घेतलं, पदरानं हनुवटी दाबली, आणि तिथंच बसून व्यासपीठाकडं पाहिलं.

"साहेब, म्या ह्यांची समदी सोंगं गावाच्या आधी बघितल्यात. सोंगात पडताना ह्ये आधी तळहात टेकत्यात. चिंध्यांच्या आड, कुनाला दिसू न देता. बावीस वर्सांत एकदाबी खरचटलं न्हाई. आज हात टेकला न्हाई. टेकायला येळच घावला न्हाई. हे बघा रगत."

न्यायाधीश उठून उभे राहिले होते. त्यांनी फरशीवरचे दोन-तीन लाल ठिपके पाहिले, मग सयाजीचे तळहात पाहिले. तळहात स्वच्छ, कोरडे होते.

निकाल महिन्याभरानं लागला. त्यात ड्रायव्हरनं उतारावर इंजिन बंद केल्याचा दोष होता, कडेला पायवाट न उरल्याचा उल्लेख होता, आणि धुक्यात खाकी कपड्यांत गाड्यांकडं पाठ करून चालण्यात अर्जदाराचीही थोडी चूक झाली असंही होतं. तेवढी रक्कम कापून बाराशे रुपये मालकानं द्यावेत असा हुकूम होता. आबाजीरावांनी तो वाचून दाखवला. सयाजीनं सगळं ऐकून एकच विचारलं, "सोंगाबद्दल काय लिवलंय?"

आबाजीरावांनी कागद उलटले. "लिहिलंय, की अर्जदार आपल्या कलेत निष्णात होता, यावर कोर्टाचा पूर्ण विश्वास बसला आहे."

सयाजीनं ती ओळ पुन्हा वाचायला लावली. मग तिसऱ्यांदा.

पुढल्या पौषात पवनेवर धुकं उठलं. आधी घुंगरं वाजली, कारण तट्टूच्या गळ्यात छबूबाईनं सोळा घुंगरं बांधली होती. मग शिट्टी झाली. मग पांढरट तट्टूवर फौजदार प्रगट झाले, कोटाच्या पाठीवर पांढऱ्या फडक्याचा भला मोठा चौकोन शिवलेला. फाट्यावर कादरच्या पत्र्यावरचा खडूचा नंबर पुसट झाला होता. कादरनं तो पुसला मात्र नव्हता. फौजदारांनी डाव्या कडेनं चाललेल्या मजुरांना तिथंच अडवलं, चोपडी उघडली.

"गाड्यांकडं पाठ करून चालता? मोटारीचा अपमान! तोंड करून चाला, रामराम घाला तिला! दंड एक आणा!"

मजूर हसत हसत रस्ता ओलांडून उजव्या कडेला गेले.

रहाटणीत रुक्मिणीबाई पाटलीण दारात उभ्या होत्या. तेलाची वाटी त्यांनी गरम करूनच आणली होती. सयाजी तट्टूवरून उतरला, उंबऱ्यावर बसला, आणि पाटलीणबाईंनी त्याच्या गुडघ्यावर तेल ओतलं. या खेपेला तो पळाला नाही. आळीतल्या बायका जमल्या होत्या.

"सयाजी," त्यांतली एक म्हणाली, "पाय बरा झाला की एकदा लंगड्याचं सोंग कर की रं. लई दिस झालं."

सयाजीनं डोळे मिटून घेतले. तेलाची ऊब आत आत उतरत होती.

"त्ये आता व्हायचं न्हाई, माय," तो म्हणाला. "त्ये सोंग कोर्टात जमा झालंय."